साथीच्या दिवसांत गरोदर शिक्षिकेने शाळेत काम कसे करावे

शाळेत साथ आली की गरोदर शिक्षिकेला दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरची माणसे म्हणतात, उद्यापासून शाळेत जायचे नाही. स्टाफरूममधील ज्येष्ठ बाई म्हणतात, आम्ही दिवस भरत आले तरी शिकवत होतो, आम्हाला काही झाले नाही. साथ नेमकी कशाची आहे, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. कांजिण्यांच्या साथीत जी शिक्षिका प्रतिकारशक्ती असल्याने निर्धास्तपणे वर्गावर उभी राहू शकते, तिलाच डेंग्यूच्या दिवसांत टेबलाखालच्या डासांपासून स्वतःला जपावे लागते, आणि काविळीच्या साथीत दिवसभर मास्क लावून काहीच साधत नाही. म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी चार गोष्टी माहीत असाव्यात: आजार कोणता, गर्भ किती आठवड्यांचा, त्या आजाराची प्रतिकारशक्ती आपल्या रक्तात आहे की नाही, आणि आजारी मुलाशी आपला शेवटचा संपर्क कोणत्या तारखेला आला. यांतील चौथ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि उपचाराच्या दृष्टीने अनेकदा तीच निर्णायक ठरते.

साथ येण्यापूर्वीची तयारी

आज सोलापुरात शिकवणाऱ्या बहुतेक तरुण शिक्षिकांना लहानपणी गोवराची लस मिळालेली असते, परंतु रुबेलाची मिळालेली असेलच असे नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि ती नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटासाठी होती. परिणामी वर्गातील मुले संरक्षित आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई मात्र असंरक्षित, अशी स्थिती अनेक शाळांत असू शकते. कांजिण्यांची लस तर सरकारी लसीकरणात नाहीच. ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते, त्यामुळे महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत ती घेतलेली मुले थोडीच सापडतात.

गरोदरपणाची नोंदणी करतानाच डॉक्टरांना आपण शिक्षिका आहोत आणि कोणत्या वयाच्या मुलांना शिकवतो, हे सांगावे आणि रुबेला व कांजिण्या या दोन्हींच्या ‘आयजीजी’ प्रतिपिंडांची, म्हणजे आधीची प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी करून घ्यावी का, असे स्पष्ट विचारावे. लहानपणी कांजिण्या नक्की येऊन गेल्या असतील, म्हणजे आईला किंवा आजीला ते दिवस आठवत असतील, तर बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती असते. ‘आई आल्या होत्या’ एवढेच मोघम उत्तर मिळाले तर मात्र तपासणीच करावी, कारण अंगावर पुरळ उठवणारे आजार अनेक आहेत आणि जुन्या पिढीत त्यांना पुष्कळदा एकाच नावाने ओळखले जात असे. अहवालाची एक प्रत मातृ व बाल संरक्षण कार्डासोबत ठेवावी आणि एक छायाचित्र मोबाइलमध्ये असावे. वर्गात पहिला रुग्ण आढळला की हा अहवाल शोधण्यात दोन दिवस जाऊ नयेत.

अहवालात प्रतिकारशक्ती नाही असे आले, तरी गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी गरोदरपणात दिल्या जात नाहीत, कारण त्या जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंच्या असतात. त्यामुळे ज्या शिक्षिका अजून बाळाचा विचारच करत आहेत, त्यांनी तपासणी आणि लस आधीच उरकून घ्यावी व लशीनंतर किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. फ्लूच्या लशीचे तसे नाही. इंजेक्शनाने दिली जाणारी फ्लूची लस मृत विषाणूंची असते, ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही तिचे संरक्षण मिळते. धनुर्वात-घटसर्पाची लस सरकारी केंद्रात मिळतेच. डांग्या खोकल्याचे संरक्षणही देणारी लस साधारण सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

घरात मोठे मूल असेल तर त्याच्या लसी पूर्ण आहेत का, हे आधी पाहावे. शिक्षिकेचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दीर्घ संपर्क वर्गातील साठ मुलांशी नसतो, तो रात्री कुशीत झोपणाऱ्या स्वतःच्या मुलाशी असतो. आई गरोदर असताना मुलाला गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लस देण्यास हरकत नसते.

वर्गात पुरळ असलेले मूल आढळल्यावर

वर्गात एखाद्या मुलाला कांजिण्या झाल्याचे कळले की त्याच क्षणी तारीख लिहून ठेवावी. ते मूल शेवटचे कधी हजर होते, त्याच्या अंगावर पुरळ कधी दिसले आणि आपण त्या दिवशी त्याच्या वर्गात किती वेळ होतो, या तीन नोंदी हजेरीपत्रकावरून पाच मिनिटांत काढता येतात. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून सुरू होतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत टिकतो. त्यामुळे ‘मी त्याच्या फोडांना हात लावला नाही’ या समाधानाला अर्थ नसतो. एकाच खोलीत पंधरा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ एकत्र असणे हा पुरेसा संपर्क मानला जातो, आणि शाळेची एक तासिका त्याहून मोठीच असते.

प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल हाती असेल, तर डॉक्टरांना कळवून काम चालू ठेवावे. तो नसेल, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करावा. प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर स्त्रीला कांजिण्यांविरुद्धचे तयार प्रतिपिंड, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, संपर्कापासून दहा दिवसांच्या आत देता येते. ते महाग असते आणि मागितल्याबरोबर मिळतेच असे नाही. त्याऐवजी डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्यांचाही विचार करतात. दोन्ही पर्यायांत दिवस मोजले जातात आणि मोजणी संपर्काच्या तारखेपासून होते, पुरळ दिसल्यापासून नव्हे. स्वतःच्या अंगावर पुरळ उठलेच, तर पहिल्या चोवीस तासांत औषध सुरू होणे सर्वांत उपयोगी असते. कांजिण्यांमुळे गरोदर स्त्रीला गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्या वीस आठवड्यांत बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, तो शेकडा एक-दोन इतकाच असला तरी असतो. आणि प्रसूतीच्या आसपास, विशेषतः पाच दिवस आधी ते दोन दिवस नंतर, आईला कांजिण्या झाल्या तर नवजात बाळाला तीव्र आजार होण्याची भीती असते.

कांजिण्यांविषयी आपल्याकडे असलेल्या श्रद्धेशी शिक्षिकेने वाद घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कडुनिंबाचा पाला ठेवणारे, मुलाला बाहेर न काढणारे कुटुंब नकळत विलगीकरणच पाळत असते. अडचण होते ती तिथे, जिथे मूल घरी ठेवणे परवडत नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागावर किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या घरात एक दिवस घरी बसणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. मग चौथ्या दिवशीच मूल शाळेत येते, तेही चाचणी परीक्षा असेल तर नक्कीच. अशा पालकांना रागावून काही होत नाही. खपल्या धरेपर्यंत मुलाची गैरहजेरी धरली जाणार नाही, त्याची परीक्षा नंतर घेतली जाईल आणि शालेय पोषण आहाराचा हक्कही जाणार नाही, असा निरोप मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवावा. सोलापुरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत, तेव्हा तो त्या त्या भाषेत जावा. साथीच्या महिन्यात शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद ठेवावे. तापाने फणफणलेल्या मुलाला शाळेत आणणारी यापेक्षा खात्रीची योजना नसेल.

रुबेला हा मुलांसाठी किरकोळ आजार आहे. थोडा ताप, बारीक लालसर पुरळ, कानामागे गाठी, आणि तीन-चार दिवसांत मूल खेळू लागते. गर्भासाठी तो अत्यंत घातक आहे. पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयदोष होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, आणि वीस आठवड्यांनंतर ती फारच कमी होते. त्यामुळे ज्या शिक्षिकेने दिवस राहिल्याचे अजून कोणाला सांगितलेलेही नसते, तिलाच सर्वाधिक धोका असतो. तिसरा महिना उलटेपर्यंत बातमी फोडायची नाही, ही आपली रीत आहे. पण साथीच्या काळात निदान मुख्याध्यापकांना आणि एका विश्वासू सहकाऱ्याला ती विश्वासात घेऊन सांगावी. संपर्क आला असेल तर लगेच आणि पुन्हा तीन-चार आठवड्यांनी रक्त तपासले जाते. ताज्या संसर्गाची खूण मानल्या जाणाऱ्या ‘आयजीएम’ प्रतिपिंडांच्या एकाच अहवालावरून कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, कारण तो चुकीने सकारात्मक येऊ शकतो.

गोवर हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत राहू शकतो, म्हणून गोवराच्या साथीत केवळ अंतर ठेवून भागत नाही. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल संसर्ग पसरवते. लस झाली आहे की नाही याची खात्री नसलेल्या गरोदर शिक्षिकेला संपर्कापासून सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येते. इथेही पुन्हा तारीख हवी. गालांवर चापट मारल्यासारखी लाली आणणारा पार्व्होव्हायरसचा आजार त्यामानाने सौम्य आहे, पण गर्भाला रक्तक्षय करू शकतो, म्हणून विसाव्या आठवड्यापूर्वी संपर्क आल्यास डॉक्टरांना सांगावे. बालवाडी आणि अंगणवाडीतील ताई-सेविकांनी मुलांची लाळ, शेंबूड आणि लघवी हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय बाराही महिने ठेवावी आणि मुलाचा उष्टा घास खाऊ नये. अशा स्रावांतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूसाठी लस नाही, हात धुणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे.

फ्लू, डास आणि पाणी

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या आणि गरोदर स्त्रियांना हा आजार किती जड जातो, हे त्या काळात ठळकपणे दिसले. फ्लू किंवा कोविडच्या साथीत वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, परिपाठ मैदानात घ्यावा, खोकणाऱ्या मुलांना मागच्या कोपऱ्यात न बसवता खिडकीजवळ बसवावे आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो सलग पाच तास लावून शिकवणे अवघड जाते. तेव्हा मधल्या सुट्टीत झाडाखाली मोकळ्या हवेत बसून तो काढावा आणि पाणी प्यावे. बंद स्टाफरूममध्ये सर्वांसोबत मास्क काढून डबा खाणे हे वर्गात शिकवण्याइतकेच जोखमीचे असते. ताप, घसादुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास ‘उद्या बघू’ म्हणू नये. फ्लूवरील औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केल्यास अधिक गुण येतो, आणि गरोदर स्त्रीला ते देण्यासाठी घशाच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची गरज नसते.

डेंग्यूचा प्रश्न सोलापुरात पाण्याच्या प्रश्नाला जोडलेला आहे. उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी आणि शाळाशाळांत बॅरल, हौद आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. एडिस डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो आणि दिवसा, म्हणजे शाळेच्या वेळेतच, चावतो. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवायची आणि रिकामी करता येत नाही ती टाकी झाकायची किंवा तिच्या तोंडाला कापड बांधायचे, ही जबाबदारी शाळेने वर्गवार वाटून घ्यावी. गरोदर शिक्षिकेने त्यात देखरेख करावी, टाकीवर चढू नये. साडी नेसणाऱ्या शिक्षिकेची पावले आणि घोटे उघडे राहतात आणि टेबलाखालचा अंधार डासांना आवडतो, तेव्हा मोजे घालावेत आणि डास दूर ठेवणारे मलम लावावे. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेली मलमे वेष्टनावरील सूचनेप्रमाणे गरोदरपणात वापरता येतात. हाच डास झिकाही पसरवतो. २०२४ मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांमध्येही झिकाचे रुग्ण आढळले होते.

डेंग्यूची शंका असताना तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. रक्तदाबाच्या धोक्यामुळे काही गरोदर स्त्रियांना डॉक्टरांनीच कमी मात्रेचे ॲस्पिरिन रोज दिलेले असते. अशा शिक्षिकेने ताप येताच ती गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांना विचारावे. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस खरे धोक्याचे असतात, म्हणून ताप गेला की लगेच हजेरी लावायला धावू नये.

काविळीतील हिपॅटायटिस ई हा प्रकार दूषित पाण्यातून येतो. इतरांना तो सहसा सोसवतो, परंतु शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्रियांमध्ये त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. परिसरात काविळीचे किंवा जुलाबांचे रुग्ण वाढले असतील तर शाळेच्या टाकीचे पाणी पिऊ नये. किमान एक मिनिट खळखळ उकळून थंड केलेले पाणी घरून न्यावे. गेटबाहेरचा बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे आणि ताक वर्ज्य करावे. गरम खिचडी चालते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा आपला डबा अशा दिवसांत फार सोयीचा, कारण त्यात बाहेरच्या पाण्याचा संबंध येत नाही. फक्त रक्तदाब असल्यास चटणीतले मीठ जपावे.

मुख्याध्यापकांकडे काय मागावे, आणि कसे

तोंडी विनंती मुख्याध्यापकांच्या चांगुलपणावर अवलंबून असते आणि केंद्रप्रमुख किंवा वरिष्ठ कार्यालयाकडून अचानक आदेश आला की ती टिकत नाही. म्हणून अर्ज लेखी द्यावा, त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि पोच घ्यावी. अर्जात ‘काळजी घ्यावी’ असे मोघम न लिहिता नेमकी मागणी करावी. उदाहरणार्थ: “मी सध्या चोवीस आठवड्यांची गरोदर असून, इयत्ता दुसरीच्या वर्गात कांजिण्यांचे रुग्ण आढळले आहेत. मला या आजाराची प्रतिकारशक्ती नसल्याचा रक्ततपासणी अहवाल सोबत जोडला आहे. शेवटच्या रुग्णानंतर नवीन रुग्ण न आढळता एकवीस दिवस पूर्ण होईपर्यंत मला सदर वर्गाऐवजी वरच्या इयत्तेच्या तासिका अथवा कार्यालयीन काम द्यावे, तसेच गृहभेटी व सर्वेक्षणाच्या कामातून सूट मिळावी, ही नम्र विनंती.” एकवीस दिवसांचा आकडा मनचा नाही, संपर्कापासून कांजिण्या दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात. नवीन रुग्ण आढळला तर मोजणी त्या तारखेपासून पुन्हा सुरू होते, हे तोंडी समजावून सांगावे.

गृहभेटींचा मुद्दा मुद्दाम लिहावा. कोविडच्या काळात राज्यभर शिक्षकांना सर्वेक्षणाची कामे दिली गेली होती आणि साथ कोणतीही असली तरी प्रशासनाला मनुष्यबळ म्हणून प्रथम शिक्षकच आठवतात. ऑनलाइन माहिती भरणे, गैरहजर मुलांच्या पालकांना फोन करणे, साथीची नोंदवही ठेवून आरोग्य केंद्राला कळवणे, अशी उपयोगी आणि सुरक्षित कामे गरोदर शिक्षिकेने स्वतःहून सुचवावीत. नुसता नकार देण्यापेक्षा अदलाबदल मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

रजेच्या बाबतीत घाई करू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या महिला कर्मचाऱ्यास १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा दिली आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद आहे. साथीच्या भीतीने ही रजा लवकर सुरू केली तर बाळासोबतचे तेवढे दिवस कमी होतात. त्यामुळे तीन आठवड्यांच्या साथीसाठी आधी काम बदलून मागावे, ते शक्य नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित किंवा अर्धवेतनी रजा मागावी, आणि प्रसूती रजेला शेवटी हात लावावा. प्रसूतीपूर्वीच्या सुमारे दहा आठवड्यांत स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, हेही याच तरतुदींत आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी प्रमाणपत्रासह एक महिन्यापर्यंत अधिक रजेची सोय त्यांत आहे.

दवाखान्यात केव्हा आणि कसे जावे

१०१ अंशांवर ताप, धाप लागणे, बाळाची हालचाल कमी जाणवणे, अंगावरून रक्त जाणे, पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, लघवी कमी किंवा गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही झाले तर शाळा सुटण्याची वाट पाहू नये. सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, चोवीस तास उघडे असते. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा करमाळ्याच्या आडगावी शाळा असलेल्या शिक्षिकेने १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये तर ठेवावेतच, शिवाय शाळेतील मदतनीस ताईंनाही माहीत करून द्यावेत. एसटीने रोज ये-जा करणाऱ्यांनी खिडकीजवळची जागा धरावी.

साथ चालू असताना डोहाळजेवण असेल तर ते घरच्या घरी करावे किंवा महिनाभर पुढे ढकलावे. शाळेतील सहकाऱ्यांनी प्रेमाने ठरवलेला कार्यक्रमही त्याला अपवाद नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी फ्लूच्या दिवसांत टाळावी. बाळंतपणासाठी माहेरी जायचे असल्यास रक्ताचे अहवाल, संपर्काच्या तारखांची नोंद आणि मिळालेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी सोबत न्यावी, कारण तिथल्या नवीन डॉक्टरांना सोलापुरातील शाळेत तीन आठवड्यांपूर्वी काय घडले, हे ठाऊक नसते.

आणि स्वतःच्या अंगावर पुरळ उठले असेल तर थेट प्रसूतितज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन रांगेत बसू नये. तिथे बाकावर बसलेल्या सगळ्याच स्त्रिया गरोदर असतात. आधी फोन करावा, पुरळ आणि संपर्काची तारीख सांगावी, आणि कोणत्या दाराने व किती वाजता यायचे हे विचारूनच घरून निघावे.